चपलांची रांग घरापासून

॥ श्री गुरवे नमः ॥



पाडवा जवळ आला. आपल्या परिवारात नवं वर्ष काही एकाच दिवशी उजाडत नाही. गोव्याची मंडळी संवसर पाडवो म्हणतात, बेळगाव-हैदराबादकडे त्याच दिवशी शेजारी उगादी असते, बडोदेकर तर दिवाळीच्या पाडव्यालाच शेजाऱ्यांना 'साल मुबारक' करून मोकळे झालेले असतात. मुलांचं नवं वर्ष १ जानेवारीचं. संकल्प मात्र सगळीकडे एकच ऐकू येतो : यंदा घर नीट ठेवायचं!

गेल्या पाडव्याला आम्हीही ठरवलं होतं. दोन दिवस घर डोक्यावर घेतलं, माळा रिकामा केला, रद्दी काढली, कपाटं पुसली. चैत्र संपायच्या आत खोलीतल्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग पुन्हा जसाच्या तसा. असं का होतं, याचं उत्तर आम्हाला माळ्यावर नाही, दारातच सापडलं.

त्याचं असं झालं. गुरुवारच्या आरतीला आमच्याकडे चपलांची सेवा असते. शंभर-दीडशे जोड येतात, एकेक उचलून रांगेत लावायचे. मनापासून करतो, कमीपणा वाटत नाही. एका गुरुवारी सेवा करून घरी आलो. एक चप्पल उंबऱ्यापाशी, दुसरी स्टुलाखाली टाकून आत शिरलो. मुलगी दारातच अभ्यास करत बसली होती. ती सहज म्हणाली, "बाबा, इथे सेवा नसते का?"

आम्ही हसून वेळ मारून नेली, पण ते वाक्य काही जाईना. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लक्ष ठेवलं. चहाचा कप, ओला टॉवेल, पेपर, चष्म्याचं घर, चार्जर... आम्ही ठेवलेली वस्तू उचलायला घरची लक्ष्मी दिवसभरात अकरा वेळा वाकली. गुडघे दुखतात तिचे. त्याहून जास्त टोचली ती दुसरी गोष्ट. सकाळी सहाला आमची माळ सुरू होते, एक दिवस चुकत नाही, याचा आम्हाला अभिमान. ती रात्री सगळं आवरून साडेदहाला माळ हातात घेते आणि दोन-तीन माळा होईतो डुलक्या येतात. आमचा जप वेळेवर होत होता तो तिच्या वेळेतून!

*मग प्रश्न असा की, घर आवरणं हे संसाराचं काम की साधनेचं?*

आपण दोन कप्पे केलेले असतात. मंदिरातला झाडू म्हणजे सेवा, घरातला झाडू म्हणजे काम. आणि काम म्हटलं की ते ठरलेल्या माणसानेच करायचं. पतंजलींनी पाच नियम सांगितले, त्यात पहिला शौच, म्हणजे शुद्धी. तो काही फक्त देवघरापुरता नाही. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गावात गेलं की आधी झाडू हातात घेतला आणि कीर्तन रात्री केलं. आधी रस्ता, मग उपदेश. आमचा क्रम उलटा झाला होता.

कुणी म्हणेल, घरात इतका जीव अडकवणं हाही मोहच की. बरोबर आहे. टापटिपीचाही अहंकार होतो. पाहुण्याच्या हातून चहा सांडला म्हणून ज्याच्या कपाळावर आठी येते, त्याची फरशी चकचकीत असून काय उपयोग? म्हणून आम्ही कसोटी एवढीच धरली : *माझ्यामागे दुसऱ्याला वाकावं लागू नये.* घर सुंदर दिसलं तर ती वरची कमाई.

आम्ही इंदूरकर. आमचं शहर २०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं. त्यामागे गाड्या आहेत, सफाईमित्रांचे कष्ट आहेत, पण सुरुवात प्रत्येक स्वयंपाकघरात होते. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. साल या डब्यात की त्या डब्यात, एवढाच निर्णय, पण रोज. दोन दिवसांच्या धडाक्याने जे झालं नसतं, ते रोजच्या एका क्षणाने झालं.

तसंच आम्ही यंदा तीनच गोष्टी धरल्या :

१) चप्पल काढली की जागेवर. घरात येणाऱ्या प्रत्येकाने, लहानांनी आणि मोठ्यांनीही.
२) आपलं ताट-कप आपण विसळून ठेवायचं.
३) रात्री निजण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून आवरायचं. मोबाईल बाजूला.

खरं सांगतो, पहिल्या दोन टिकल्या. तिसरी आठवड्यातून तीन-चार दिवसच होते. मुलाला अजून आठवण करावी लागते, आम्हालाही. पण गेला महिनाभर ती संध्याकाळी दिवेलागणीला जपाला बसते. जाग्या डोळ्यांनी.

एक चूकही सांगून ठेवतो. माळा आवरताना आईचा जुना पत्र्याचा डबा आम्ही न विचारता भंगारात दिला. त्यात तिच्या माहेरची पत्रं होती. आई काही बोलली नाही, नुसती आत जाऊन बसली. अपरिग्रह स्वतःच्या वस्तूंवर करायचा असतो, दुसऱ्याच्या नव्हे. आणि देणगीत देताना फाटकं-विटकं देऊ नये. जे आपण आपल्या माणसाला देऊ, तेच द्यावं.

येत्या पाडव्याला गुढी उभारायला दार झाडाल, रांगोळी काढाल, तेव्हा शेजारच्या चपलांकडेही एकदा पाहा. आपली चप्पल रोज कोण सरळ करतं, हे घरात विचारा. उत्तर मिळालं की त्या माणसाला नमस्कार करा आणि दुसऱ्या दिवसापासून ते काम आपण घ्या.

आपल्या घरी कोणती छोटी सवय टिकली, ते गटात जरूर कळवा.

॥ श्रीगुरुचरणी अर्पण ॥ 🙏