पोळ्यातला बिऱ्हाडकरू

आमच्या करी रोडच्या चाळीमागच्या कडीपत्त्यावर फुलोरी माश्यांचं तळहाताएवढं पोळं होतं. शिमग्यानंतर माश्या उठून गेल्या. रिकामं पोळं मी काडीसकट बरणीत ठेवलं, तोंडाला मलमल बांधली. आठवड्याभरात आत कोळिष्टकासारखी जाळी, काळ्या लेंड्या आणि पांढुरक्या अळ्या दिसल्या. "कसर लागलीय, फेका ते," बायको म्हणाली.

पुढे पतंग निघाला. राखाडी-तपकिरी, बोटाच्या पेराहून लहान, पंख कौलारू छपरासारखे पाठीवर उतरते. कसरीचा पतंग एवढा थोराड नसतो, आणि कसर कपडे खाते, पोळं नाही. हा मेणपतंग. लिनियसने १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. अळी असताना हा मेण, पराग, माश्यांच्या पिल्लांनी टाकलेले कोष सगळं फस्त करतो. पतंग झाला की मात्र खाणंच बंद, तोंडच निकामी.

एकादशीला आमचं भजनी मंडळ नाथभागवत वाचतं. एकनाथांनी ते शके १४९५, म्हणजे १५७३ साली, काशीत पुरं केलं. त्यात अवधूताचे चोवीस गुरू येतात. मधमाशी आहे, पोळं लुटणारा आहे, शेवटची भिंगुरटी, म्हणजे कुंभारीण माशी. तिने कोंडलेला किडा भीतीपोटी तिचंच ध्यान करतो आणि भिंगुरटी होतो.

खिडकीच्या चौकटीवरचं कुंभारणीचं मातीचं घर मी एकदा फोडलं होतं. आत हिरव्या अळ्या, डंखाने लुळ्या केलेल्या, तिच्या पिल्लाची शिदोरी. बाहेर येते ती पिल्लाची झालेली माशी. अळी खाल्लेली असते.

मंडळाच्या बुवांना हे सांगितलं. ते टाळांची दोरी गाठवत होते.

"दृष्टांत एकदेशी असतो रे. चंद्रमुखी म्हटलं की तोंडावर डाग शोधशील?"

हे पटलं. पण मेणपतंगाचं काय? बाळपण माश्यांच्या घरात, खाणं त्यांचं, निजणं त्यांच्या मेणात, तरी झाला पतंगच. मग नुसत्या सहवासाने काय होतं?

बुवा हसले. "त्याने ध्यान कुठं केलं? खाल्लं फक्त."

मला बत्तीस वर्षं झाली या मंडळात. काल तिसऱ्याच अभंगाला माझा टाळ चुकला. आतून शेंगदाण्याच्या कुटाचा वास आला होता, आणि खिचडी यंदा पुरेल का, याचा हिशेब चालू होता.