सबब आणि कारण

मास्तरकीच्या वीस वर्षांत पोटदुखीच्या इतक्या चिठ्ठ्या वाचल्या की, कारण कोणते नि सबब कोणती हे मला चटकन ओळखता येते, अशी माझी समजूत होती. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीने ती मोडली.

ती न्यू जर्सीत जन्मली आणि तिथल्याच कॉलेजात शिकते. अमेरिकेत सरकारी मदतीवर शिकणाऱ्याला समाधानकारक प्रगती दाखवावी लागते. पदवी १२० श्रेयांकांची असेल, तर १८० श्रेयांकांच्या नोंदणीच्या आत ती पदरात पडली पाहिजे. म्हणजे घेतलेल्यापैकी दोनतृतीयांश तरी पुरे व्हायला हवे. भाची मागे पडली, मदत थांबली. मात्र कॉलेजची मुभा असेल तर अपील करता येते. नातलगाचा मृत्यू, स्वतःचे आजारपण किंवा तशीच विशेष परिस्थिती असावी लागते. उत्तरे दोनच प्रश्नांची द्यायची : का चुकले, आणि आता काय बदलले?

डिसेंबरात माझे मेहुणे वारले होते. तिने फोनवर अर्ज वाचून दाखवला. “छान झालाय,” मी म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, “मामा, बाबा डिसेंबरमध्ये गेले. मी तासांना जाणं ऑक्टोबरमध्येच सोडलं होतं.”

“ते कोण विचारतंय?” माझ्या तोंडून निघून गेले. मास्तराच्या तोंडून!

रात्री झोप लागेना. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकवर थांबले. फीमाफीच्या अर्जाला घरच्या दारिद्र्याचे दाखले जोडायची लाज वाटली, म्हणून मी अर्जच केला नाही. त्याला आजवर मी स्वाभिमान म्हणत आलो. पण आपले दुःख सांगून मदत मागण्यात कसला कमीपणा? कमीपणा आहे तो दुःखाला न केलेल्या गोष्टीचा साक्षीदार करण्यात. जानेवारीनंतरचे सत्र वडिलांच्या मृत्यूने बुडाले, ते कारण. आधीचे तिने स्वतः बुडवले. तिथे तोच मृत्यू सबब होतो. अर्थात खरे बोलण्याचा खर्च गरिबाला अधिक येतो, हेही मला दिसत होते. मदत गेली असती तर तिची, माझी नव्हे.

सकाळी फोन केला, तोवर तिने अर्ज नव्याने लिहिला होता. “दुसऱ्या प्रश्नाला अडले, मामा. काय बदललं, याला ‘बाबा गेले’ हे उत्तर कसं होणार?”

खरेच आहे. मृत्यू बदलत नाही. बदलायचे ते आपणच. आणि जी चूक कबूलच केली नाही, ती बदलली असे तरी कोणत्या तोंडाने सांगणार?

तिला एका सत्राची मुदत मिळाली. खरेपणामुळे की मृत्यूच्या दाखल्यामुळे, हे आम्हाला कधीच कळणार नाही. यंदा त्यांच्या घरी आकाशकंदील लागायचा नाही. वडिलांच्या फोटोपुढे एक पणती मात्र लावणार आहे, म्हणाली. “आता त्यांच्याकडे बघवतं, मामा.”