यंत्र थकत नाही

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधातला यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आपणा दत्तभक्तांना नवा नाही. संत एकनाथ महाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका केली आणि तो घरोघरी पोचवला. ‘तू इतका निश्चिंत कसा?’ असे राजाने विचारल्यावर अवधूत आपले २४ गुरू एकेक करून सांगतो. त्यांत पृथ्वी आहे, पाणी आहे, समुद्र आहे, मधमाशी आहे. यांतला कुणीही गादीवर बसून उपदेश करणारा नाही. शिकणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे, एवढीच अट.

हा भाग मी चाळीस वर्षे वाचत आलो. पाणी माझे गुरू झाले ते मात्र अलीकडे, आणि तेही हातून चूक झाल्यावर. तीच हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

आमचे गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातले. औदुंबरला दर्शनाला गेलो की कृष्णामाईचे पात्र आम्ही डोळे भरून पाहतो, कारण घरी परतल्यावर पाणी पाहायचे तर विहिरीत वाकावे लागते. वडिलांच्या काळी आमच्या विहिरीवर मोट होती. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची, पाणी पाटाला लागायचे. दुपारपर्यंत बैल दमत. वडील म्हणायचे, “सोडा आता. जनावराला वैरण घाला, विहिरीलाही जरा दम खाऊ द्या.” संध्याकाळपर्यंत झरे पुन्हा हातभर पाणी भरून ठेवत. त्या वेळी मला वाटायचे, वडिलांना बैलांची दया येते. आज वाटते, ती विहिरीचीही होती.

पुढे तेलाचे इंजिन आले, मग विजेची मोटर आली. वीज रात्री-अपरात्री येते म्हणून पेटीत ऑटो स्विच बसला. वीज आली की मोटर आपोआप सुरू. आता तर मोबाईलवरून मोटर चालू-बंद करता येते. आमचा एक पुतण्या पुण्यात लग्नाच्या पंगतीत बसून गावाकडची मोटर सुरू करतो. मोटर उपसते आहे हे त्याला कळते. विहिरीत काय उरले ते कळत नाही.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्यांना जुने ते सोनेच वाटणार. तसे नाही. माझ्या आईच्या डोक्यावरचे केस घागरींनी झिजले होते. विहिरीत उतरून पाणी भरायचे, त्यातून नारू व्हायचा, पायातून तो धाग्यासारखा निघायचा आणि माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळायचा. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधन विहिरी झाल्या, हातपंप बसले. पुढे देशभर गेलेल्या ‘इंडिया मार्क टू’ पंपाची घडण आपल्या सोलापूरच्या पंपावरून झाली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. अशा बंद, स्वच्छ पाण्याचा मोठा हातभार लागून १९९६नंतर आपल्या देशात नारूचा रुग्ण आढळला नाही, आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. शिवाय जुने पाणवठे काही सगळ्यांचे नव्हते. कुणी भरायचे आणि कुणी लांब उभे राहायचे, हे जात ठरवत असे. त्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. तेव्हा यंत्राला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. यंत्राने पुण्यही केले आहे.

आता माझी गोष्ट. सात-आठ वर्षांमागे पाऊस दोन वर्षे हुकला. माझा दोन एकर ऊस वाळू लागला. मुलगा म्हणाला, “आप्पा, बोअर घेऊ.” पाणाड्या तळहातावर नारळ धरून शेतभर फिरला आणि बांधाजवळ थांबला. रात्री तमिळनाडूकडची मशिनगाडी आली. पहाटेपर्यंत घरघर चालली होती, पांढरा धुरळा सगळ्या उसावर बसला. तीनशे फुटांच्या पुढे पाणी लागले तेव्हा आम्ही नारळ फोडला, दत्त महाराजांचा जयजयकार केला. मला तो त्यांचाच प्रसाद वाटला.

बांधापलीकडे शेजारच्या वहिनींची विहीर आहे, काठावर उंबर असलेली. भाऊ गेल्यापासून त्या एकट्याच शेती बघतात. दोन म्हशी आणि थोडे माळवे, एवढाच त्यांचा प्रपंच. पंधरा-वीस दिवसांनी त्या दारात आल्या. ओट्यावर बसल्या, चहा घेतला, आणि म्हणाल्या, “आप्पा, तुमच्या बोअरला पाणी लागलं, बरं झालं. आमच्या हिरीचा मात्र तळ दिसाय लागलाय.” एवढेच. ‘तुमच्यामुळे’ असे त्या म्हणाल्या नाहीत.

मी म्हणालो, “वहिनी, दुष्काळच आहे, काय करणार?” हे खोटे नव्हते. तरी रात्री झोप लागेना.

आपल्या महाराष्ट्राची बहुतेक जमीन काळ्या कातळाची, बेसाल्टची. वाळूसारखे सलग पाणी त्यात नसते. वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत जे मुरते तेवढेच. वरच्या थरातल्या पाण्यावर आडविहिरी जगतात. बोअर त्या थरातून खाली जाते, आणि वरच्या भागात नीट केसिंग नसेल तर वरचे पाणी त्याच नळीने खोल भेगांत उतरू शकते. आमच्या बोअरला केसिंग जेमतेम होते. वहिनींचा झरा मीच तोडला का? सिद्ध करता येणार नाही. दुष्काळाने तुटला असेल, दोन्ही मिळून तुटला असेल. कुणाला सिद्ध करता येणार नाही, हाच माझा आधार होता. आणि त्या आधाराचीच मला लाज वाटू लागली.

कायदा पाहिला तर १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी घेता येते. आपल्या राज्याचा २००९चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला. त्यात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींना मनाई करण्याची तरतूद आहे. आमचे गाव त्या यादीत नव्हते. म्हणजे मी निर्दोष. पण दत्त महाराजांपुढे हात जोडताना ‘मी कायद्याने निर्दोष आहे’ असे म्हणवेना.

त्याच सुमारास पारायणात मधमाशीचा भाग आला. भुंगा फुलाफुलातून थोडे थोडे घेतो, फुलाला इजा होत नाही. अवधूत त्यावरून शिकतो की कुठल्याही एका घराला भार होईल इतके घेऊ नये. साठवून ठेवणाऱ्या माशीचे मात्र साठ्यासकट नुकसान होते. इतकी वर्षे मला वाटायचे, हा उपदेश भिक्षेकऱ्यांसाठी आहे. त्या दिवशी कळले, तो बोअर घेणाऱ्यांसाठीही आहे.

माझ्या मते यंत्राचा धर्मप्रश्न तो हाच. पूर्वी मर्यादा बाहेर होती. बैल दमायचा, दोर अपुरा पडायचा, हात दुखायचे. आपण संयमी होतो असे नाही, आपल्याला थांबवणारे कुणीतरी होते. यंत्र थकत नाही. त्याने बैलाचे कष्ट घेतले तसा बैलाचा थांबाही घेतला. आता तो थांबा माणसाने स्वतःच्या मनात आणायला हवा. शिवाय विहिरीत वाकले की पाणी दिसायचे, शेजारणीची घागरही दिसायची. साडेसहा इंची भोकात काहीच दिसत नाही. ज्याचे नुकसान दिसत नाही, त्याचे पाप लागत नाही असे वाटू लागते.

मग मी काय केले? फार काही नाही. पुढच्या हंगामाला ऊस मोडला, ज्वारी आणि हरभरा केला. ऑटो स्विच काढला. मोटर दोन तास, आणि तीही मी स्वतः जाऊन सुरू करायची. दर तिसऱ्या दिवशी वहिनींच्या हौदात पाईप सोडला. पण माझे पाणी त्यांच्या हौदात पडण्याआधी त्यांनी एक म्हैस विकली होती. ती परत आली नाही. वहिनींनी कधी बोलून दाखवले नाही, मीही विसरलो नाही.

एकट्याने थांबून भागत नाही, हेही खरे. मी दोन तास मोटर चालवायची आणि पलीकडच्याने वीस तास, तर भूगर्भाला काय फरक पडतो? म्हणून गावाने मिळून ठरवावे लागते. पुरंदर तालुक्यातल्या नायगावी विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा विचार उभा केला. पाणी जमिनीच्या मापाने वाटायचे नाही, घरातल्या माणसांच्या मापाने वाटायचे. भूमिहीनाचाही हक्क मानायचा. ऊस लावायचा नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायला सुरुवात केली. तिथेही वीज आहे, मोटर आहे, मोबाईल आहे. यंत्र तेच, फक्त त्याच्यावर गावाचा शब्द चालतो.

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला येते. पाऊस सरलेला असतो, विहिरी वर्षात भरलेल्या असतात. हिशेब मांडायला याहून चांगला दिवस कुठला? गेली काही वर्षे त्या दिवशी सकाळी मी दोराला दगड बांधून आमची आणि वहिनींची, दोन्ही विहिरींचे पाणी मोजतो. दोन्ही आकडे वहीत लिहितो, आणि मगच पाळण्याच्या कार्यक्रमाला देवळात जातो. वहिनींच्या विहिरीला आता पाणी आहे, पूर्वीइतके नाही.

देवळात गेलो की नजर महाराजांच्या हातातल्या कमंडलूवर जाते. तिन्ही लोकांचा स्वामी, पण पाणी जवळ ठेवतो ते कमंडलूभर. आपण गृहस्थ, आपला कमंडलू थोडा मोठा असणारच. पण त्याला काठ असावा, एवढी बुद्धी महाराजांनी आपणा सर्वांना द्यावी.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥