‘प्रीपोन’चा अपराध कोणता?

महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एकदा इंग्रजी सूचना लागली होती: शुक्रवारची बैठक ‘प्रीपोन’ करून बुधवारी ठेवली आहे. दुपारपर्यंत त्या शब्दाभोवती लाल शाईचा गोल उमटला. गोल कोणी काढला ते कळले नाही. पण तो इंग्रजी शिकवणाऱ्यांपैकीच कोणाचा तरी असणार. तेव्हा मलाही तो योग्यच वाटला. आमच्या पिढीला इंग्रजी व्याकरण म्हणजे असे गोल काढण्याची विद्या म्हणूनच मिळाले होते.

पुढे त्याच शब्दावर वर्गात बोलायची वेळ आली आणि माझी पंचाईत झाली. हा शब्द चूक का? इंग्लंडात तो सहसा कोणी बोलत नाही, हे कारण रीतीभातीचे झाले, रचनेचे नव्हे. ‘पोस्टपोन’मधला ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोन’ हा ‘ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूचा अवशेष. या अर्थाने तो इंग्रजीत एकटा कधी फिरत नाही. तरीही भारतातल्या बोलणाऱ्यांनी त्या शब्दातला सांधा अचूक हेरला, ‘पोस्ट’ काढला आणि ‘प्री’ बसवला. ‘पोस्टवॉर’ला ‘प्रीवॉर’ चालतो, तर ‘पोस्टपोन’ला ‘प्रीपोन’ का नको? ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशानेही त्याची नोंद घेतली आहे. ज्याने तो घडवला त्याला इंग्रजी येत नव्हते असे नाही. उलट इंग्रजी शब्द कसे घडतात हे त्याला नकळत ठाऊक होते.

विद्यापीठात इंग्रजीची शब्दरचना आणि व्याकरण शिकायचे ते हे नकळत ठाऊक असलेले उजेडात आणण्यासाठी, असे मला वाटते. शाळेने चूक-बरोबर शिकवावे. विद्यापीठाने ‘कसे’ आणि ‘का’ विचारावे. आपल्याकडे मात्र शाळेचाच तास पदव्युत्तर वर्गापर्यंत लांबतो. फरक इतकाच की तिथे नियम पाठ करायचे, इथे मॉर्फीमची (शब्दाच्या लहानात लहान सार्थ तुकड्याची) व्याख्या, त्याचे प्रकार आणि प्रत्येकाची दोन उदाहरणे.

ठाऊक असणे म्हणजे काय हे अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ साली सुरेख दाखवून दिले. त्यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले आणि त्याचे नाव ‘वग’ असल्याचे सांगितले. (आपल्याला वग म्हटले की तमाशा आठवतो, ते सोडा.) मग असे दोन प्राणी दाखवून विचारले, आता हे काय? बहुतेक मुलांनी शेवटी ‘झ’ लावून उत्तर दिले. हा शब्द त्यांनी कोणाकडूनही ऐकलेला नव्हता, म्हणजे त्यांच्याजवळ पाठांतर नव्हते, नियम होता. नियमही साधा: कठोर व्यंजनापुढे ‘स’, मृदू व्यंजनापुढे ‘झ’. म्हणून ‘कॅट्स’, पण ‘डॉग्झ’. ‘वाक्’ आणि ‘देवी’ मिळून ‘वाग्देवी’ का होते हे जो शाळेत संधी सोडवताना शिकला, त्याला हे नवे वाटू नये. पण तो धडा मराठीच्या वहीत राहतो आणि हा इंग्रजीच्या. दोन्ही वह्या एकाच दप्तरात असतात, एवढेच.

समासाचेही तेच. नीलकंठ म्हणजे निळा कंठ नव्हे, ज्याचा कंठ निळा आहे तो. इंग्रजीतला ‘रेडहेड’ म्हणजे लाल डोके नव्हे, लालसर केसांची व्यक्ती. अशा शब्दांना इंग्रजीच्या भाषाशास्त्रीय ग्रंथांतही ‘बहुव्रीही’च म्हणतात. आपले विद्यार्थी मात्र तो शब्द इंग्रजी पुस्तकात, इंग्रजी लिपीत पाहतात आणि परकी संज्ञा म्हणून पाठ करतात. लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी १९३९ साली मेनोमिनी या अमेरिकी आदिवासी भाषेच्या रूपांचे वर्णन पाणिनीच्या पद्धतीवर केले. आपण पाणिनीला संस्कृतच्या पेपरात ठेवून आलो.

उलट, जे आपले नाही ते आपण स्वयंसिद्ध मानतो. शब्दांच्या जाती आठ, हे मराठी माणसाला वारांच्या सातइतके पक्के वाटते. यास्काच्या निरुक्तात त्या चारच आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. आठांचा साचा ग्रीक-लॅटिनमधून इंग्रजी शालेय व्याकरणांत आणि तिथून आपल्याकडे आला. लिंडले मरे यांनी १७९५ साली इंग्रजीच्या जाती मोजल्या त्या नऊ. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण लिहिले, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणांचाही नमुना होता. रँडॉल्फ क्वर्क यांनी १९५९ साली प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचे नमुने जमवायला घेतले. पुढे १९८५ साली त्यांनी तीन सहकाऱ्यांसह इंग्रजीचे जे विस्तृत व्याकरण सिद्ध केले, त्यात ‘धिस’, ‘माय’, ‘ईच’ यांसारख्या शब्दांसाठी वेगळे खाते उघडावे लागले. आकडा महत्त्वाचा नाही. वर्गवारी भाषेतून काढायची असते, भाषेवर लादायची नसते, हे ज्याला उमगले तो विद्यापीठात आला असे म्हणावे.

हे उमगायला परकी भाषा सोयीची पडते, कारण तिच्याकडे थोडे लांबून पाहता येते. ‘अनलॉकेबल’ या शब्दाचे दोन अर्थ होतात: ज्याला कुलूप लावता येत नाही ते, आणि ज्याचे कुलूप उघडता येते ते. तुकडे तेच, क्रमही तोच. आधी कोणते दोन जोडले यावर अर्थ ठरतो. हे कळले की ‘नवीन पुस्तकांचे दुकान’ या पाटीपुढे पाय थबकतो. नवीन काय, पुस्तके की दुकान? ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ आणि ‘जुने पुस्तकांचे दुकान’ यांत असा घोटाळा नाही, कारण ‘जुना’ रूप बदलतो आणि ‘नवीन’ बदलत नाही. आयुष्यभर बोललेली भाषा अशी अचानक अनोळखी दिसते, आणि अभ्यास तिथून सुरू होतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. या वर्गातली अनेक मुले घरातली पहिलीच पदवीधर असतात. त्यांना मुलाखतीत चार वाक्ये नीट बोलायची आहेत. त्यांना ‘भाषेत चूक असे काही नसतेच’ म्हणून सांगणे हा पोटभरल्यांचा उदारपणा झाला. प्रमाण इंग्रजी त्यांना आलीच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण पाण्याचे शास्त्र वाचून कोणी पोहायला शिकत नाही. बोलण्याच्या सरावाला वेगळा तास हवा, रचनेच्या अभ्यासाला वेगळा. आज दोन्ही एकाच पेपरात कोंबल्यामुळे जिभेला सफाई येत नाही आणि नजरेला धारही येत नाही. शिवाय प्रमाण भाषा शिकवतानाही खरे बोलता येते. ‘लंडनला पाठवायच्या पत्रात प्रीपोन लिहू नकोस, वाचणाऱ्याला तो खटकेल’ हे सांगणे वेगळे आणि ‘तुझे चुकले’ हे वेगळे. पहिल्यात मूल जगाची रीत शिकते, दुसऱ्यात स्वतःच्या बुद्धीवर अविश्वास ठेवायला.

आणि तो अविश्वास त्याला नवा नसतो. नगर किंवा मराठवाड्याकडून आलेल्या मुलाने ‘मपलं’, ‘तुपलं’ म्हटले की त्याभोवतीही गोल निघालेला असतो. शाईचा नसला तरी हसण्याचा. कागदावर मांडून पाहा: आपला, मपला, तुपला. ‘माझा, तुझा, आपला’ या प्रमाण ओळीपेक्षा ही ओळ अधिक सुबक आहे, शेवट तिन्हींत एकच. ‘प्रीपोन’ उलगडायला शिकलेल्या विद्यार्थ्याला ती दिसायला हवी. परीक्षेत मॉर्फीमची व्याख्या विचारण्याऐवजी मी हेच तीन शब्द देईन आणि सांधा दाखवायला सांगेन. गाइडात हे उत्तर सापडणार नाही. ज्याला आजवर सगळे हसत आले, तो मुलगा मात्र कदाचित सर्वांत आधी लिहून मोकळा होईल.