घरातली आग

शरणबंधूंनो, क्रोध वाईट हे कोणाला सांगावे लागत नाही. महात्मा बसवेश्वरांनी सात गोष्टी वर्ज्य सांगणाऱ्या वचनात चोरी, हिंसा आणि असत्य यांच्या पाठोपाठ चौथ्या जागी क्रोधाला बसविले आहे. दुसऱ्या एका वचनात मात्र ते याहून खोल जातात. आपल्यावर रागावणाऱ्यावर आपण उलट रागावून काय साधले, असे विचारून ते घरात लागलेल्या आगीचा दृष्टांत देतात. ती आधी कोणाचे घर गिळते ते पाहा, म्हणतात. येथे उपदेशापेक्षा प्रश्न मोठा आहे, आणि प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर क्षणभर थांबावेच लागते.

मी थांबलो नव्हतो. एका कचेरीत माझा अर्ज मराठीत आहे म्हणून परत सरकवला गेला. सीमाभागात हे नवे नाही. १९५६ पासून आपण हे सोसत आलो. तरी त्या दिवशी ज्या तळहातावर सकाळी इष्टलिंग घेतले होते, तोच तळहात मी टेबलावर आपटला. कारकून हसला. घरी आलो तर नातू ओसरीवर कन्नड वचन पाठ करीत बसलेला. मी ओरडलो, "बंद कर ती भाषा!"

पोर गप्प झाले. ती भाषा कोणाची, हे मला रात्री लिंगपूजेला बसल्यावर आठवले. लिंग तळहातावर असताना मूठ वळता येत नाही. दृष्टी त्यावर ठरते, श्वास सावकाश होतो, आणि राग कोठून आला व कोणावर पडला हे दिसू लागते. कारकुनाचे काहीच जळाले नव्हते.

मग अन्याय गिळावा काय? मुळीच नाही. १९८१ साली आपल्या निपाणीत तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. तीन आठवडे बसले. व्यापाऱ्यांवर त्यांचा राग काही थोडा नव्हता, पण तो हाणामारीत न उधळता त्यांनी रस्त्यावर बसण्यात घातला. शेवटी ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. शांतपणे बसले म्हणून शांततेने निभावते, असे मी कोणाला सांगणार नाही. पण त्यांनी काय करायचे ते आधी ठरविले होते. मी टेबल आपटले, ते मात्र मी ठरविलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अर्ज पुन्हा लिहिला, मराठीतच. त्याची एक प्रत राज्यघटनेच्या ३५०-ब कलमानुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी नेमलेल्या आयुक्तांकडे पाठविली. त्याला वेळ लागेल, लागो.

नातवाजवळ बसून चूक कबूल केली. त्याने मान हलविली. पण ते वचन त्याने माझ्यासमोर अजून म्हटलेले नाही.