फोटो परत येतो, नाव येत नाही

संगणकावरचा फोटो डिलीट केला की तो पुसला गेला, हा समज आपल्या मनात पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात डिस्कवर एक यादी असते. कोणत्या नावाची फाइल कुठून कुठपर्यंत ठेवली आहे, याची ती यादी. डिलीट केल्यावर त्या यादीतल्या नोंदीवर खूण होते, की ही जागा आता मोकळी समजावी. चित्र जिथल्या तिथे असतं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे चटकन कळतं. सातबाऱ्यावरून नाव निघालं म्हणून शेत उठून जात नाही. दुसऱ्याने त्यात नांगर घातला, पेरणी केली, की मग आपल्या पिकाचं काही उरत नाही. डिस्कवर हा नांगर म्हणजे नवं लिखाण. सिनेमा उतरवून घेतला, विंडोज नव्याने टाकलं, नुसतं इंटरनेट चाळत बसलं, तरी मागे काही ना काही लिहिलं जात असतं, आणि ते नेमकं जुन्या चित्रावर जाऊन पडू शकतं.

मोठमोठ्या संस्थांचंही असंच होतं. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या क्षणाचं मूळ चित्रण ज्या चुंबकीय टेपांवर होतं, त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असं नासाला २००९ मध्ये जाहीर करावं लागलं. त्या टेपा कुणी वैराने नष्ट केल्या नव्हत्या. टेपांचा तुटवडा होता, नव्या उपग्रहांची माहिती येत होती, जागा हवी होती. आज आपण पाहतो ते चित्रण दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणांच्या उरलेल्या प्रतींवरून सुधारून घेतलेलं आहे.

मेहकरला माझ्या मावशीच्या घरी कारण याहून साधं होतं. भाच्याला परीक्षेचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं आणि डिस्क भरली होती. ‘जुने’ असं नाव असलेला फोल्डर त्याने शिफ्ट दाबून डिलीट केला, म्हणजे तो रिसायकल बिनमध्येही गेला नाही. त्यात काकांचे, म्हणजे मावशीच्या यजमानांचे, फोटो होते, त्यांनी काढलेले आणि त्यांच्याकडे जमा झालेले. काका २०२१ मध्ये गेले. पोराला बोलण्यात अर्थ नव्हता. ‘जुने’ या नावाच्या फोल्डरमध्ये घरातलं सगळ्यात मोलाचं काही असेल, हे त्याला कुणी सांगितलं होतं? चिखलीच्या एका दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला, तर तिथला तरुण पहिल्या वाक्यातच म्हणाला, “भाऊ, मशीन बंद करा. आता त्याले कोनी हात लावू नका.” तो सल्ला सोन्यासारखा होता. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. फोटो परत आणणारं सॉफ्टवेअर शोधतो, ते त्याच डिस्कवर उतरवतो, आणि वाचवायला निघालेली चित्रं स्वतःच्या हाताने झाकून टाकतो.

त्या तरुणाने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, आधी आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि शोध त्या प्रतीवर चालवला. वापरलं ते फोटोरेक, क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं मोफत सॉफ्टवेअर. त्याची रीत मला विलक्षण वाटते. ते यादीकडे बघतच नाही. यादी मोडली आहे, खोटी आहे, असं धरूनच ते कामाला लागतं आणि डिस्कच्या पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत प्रत्येक कप्पा उघडून बघतं. प्रत्येक जेपेग चित्राची सुरुवात ठरलेल्या खुणेने होते आणि शेवटही. संगणकाच्या अंकलिपीत ती खूण आरंभी ‘एफएफ डी८’ आणि अखेरीस ‘एफएफ डी९’ अशी लिहितात. ती आरंभखूण दिसली की सॉफ्टवेअर ओळखतं, इथे चित्र आहे. मग नाव असो वा नसो.

बरेच फोटो परत आले. पण कसे? ‘एफ’ अक्षरापुढे लांबलचक आकडा, हेच प्रत्येकाचं नाव. फोल्डर गेले, क्रम गेला. लग्नातल्या फोटोशेजारी कुठल्याशा वेबसाइटचं बटण, त्याशेजारी बँकेचं बोधचिन्ह. एक फाइल डिस्कवर सलग न ठेवता तुकड्यांत ठेवलेली असली, तर चित्र अर्धंच येतं: वर चेहरे, खाली सपाट करडा पट्टा. कॅमेरा फोटोच्या आतच तारीख लिहून ठेवतो, त्यामुळे काकांच्या कॅमेऱ्याचे फोटो साल लावून मांडता आले. व्हॉट्सअॅपवरून आलेल्यांचं तसं नाही. व्हॉट्सअॅप फोटो पुढे पाठवताना आतली ही माहिती काढून टाकतं. गेल्या दहा-बारा वर्षांतला आपल्या घरांचा बहुतेक फोटोसंग्रह याच वाटेने आलेला आहे, तेव्हा तो तारखेवाचूनच परत येणार.

आणि मग माणसांची नावं. सिंदखेडराजाला १२ जानेवारीच्या जिजाऊ जन्मोत्सवाचा एक फोटो आहे. काकांच्या खांद्यावर हात ठेवून एक जण उभा आहे. मावशी म्हणते घाटाखालचे पाहुणे, नांदुऱ्याकडचे. माझी मावसबहीण म्हणते बाबांच्या नोकरीतले. काकांनी फाइलला नाव दिलं होतं की नाही, हेही आता कळायला मार्ग नाही. यंत्राने चित्र शंभर टक्के परत दिलं, एक ठिपका कमी नाही, आणि तरी त्यातला माणूस हरवलेलाच राहिला. फोटो परत मिळवण्याचं निम्मं काम डिस्कवर होतं आणि निम्मं माणसांच्या आठवणीत, असं मी आता मानतो. त्या आठवणीवर चालणारं फोटोरेक कुणी लिहिलेलं नाही. तिथेही रोज नवं लिखाण होतच असतं.

त्याच ढिगात लोणारचा एक फोटो निघाला, तारखेसह: जून २०२०. लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं ते दिवस. पाणी आटून क्षारता वाढली होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं, की हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा आहे. पुढे रंग ओसरला. लॅन्डसॅट उपग्रहाने तो रंग वरून टिपला आहे, आणि त्या उपग्रहमालिकेचा १९७२ पासूनचा संग्रह अमेरिकेत जपलेला, सगळ्यांना खुला आहे. सरोवराचं ते रूप हरवणार नाही. पण काठावर मास्क हनुवटीखाली ओढून उभी असलेली माणसं कोणत्याही उपग्रहाच्या चित्रात नाहीत. ती जिल्ह्यातल्या घराघरांत, भरत आलेल्या फोनमध्ये आणि ‘जुने’ नावाच्या फोल्डरांत आहेत. त्या महिन्यात आमचा जिल्हा कसा होता, याचा तोच पुरावा आहे, आणि तो कुठल्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही.

हे सगळं जमलं, कारण मावशीकडची डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची होती. आजच्या लॅपटॉपमधल्या एसएसडीवर अशी आशा फार थोडी. तिथे डिलीट केल्यावर संगणक डिस्कलाच कळवतो की हा भाग आता लागत नाही. या सूचनेला ट्रिम म्हणतात, आणि विंडोज ७ पासून ती सोय विंडोजमध्येच आहे. मग डिस्क सवडीने तो भाग खरोखरच साफ करते. नव्या फोनमध्ये साठा कूटबद्ध असतो, तेव्हा तिथेही कप्पे चाळून हाती काही लागत नाही. गुगल फोटोजचा बिन किंवा आयफोनचा ‘नुकतेच हटवलेले’ हा विभाग ठरावीक दिवस वाट बघतो, तेवढीच मुदत. डिलीट केलेलं असं खरोखरच जाण्याची चांगली बाजूही आहे. फिरत्या तबकडीचा जुना संगणक विकताना नुसतं डिलीट करून दिलं, तर घेणारा माणूस आपल्या घरातले फोटो असेच उकरून काढू शकतो. तरीही ज्या घरात फोटोंची एकच प्रत आहे, त्या घराची मला काळजी वाटते. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाइली पिक्सारमध्ये एका चुकीच्या आज्ञेने धडाधड पुसल्या जाऊ लागल्या, आणि राखीव प्रतही नीट नव्हती असं निघालं. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. सॉफ्टवेअरने नाही, दुसऱ्या घरात दुसरी प्रत होती म्हणून.

आमच्याकडे आता प्रती दोन घरांत आहेत, मेहकरला आणि माझ्याकडे. पण त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरं काम. जेपेग फाइलच्या आत, चित्राच्या आधी, मथळ्यासाठी जागा राखलेली असते. वृत्तपत्रांची छायाचित्रं वर्षानुवर्षं त्यात माहिती घेऊन फिरतात, आणि त्यात देवनागरी लिहिता येतं. फाइलचं नाव यादीत राहतं, म्हणून यादीबरोबर जातं. हा मथळा चित्राच्या अंगातच राहतो. उद्या ही डिस्कही गेली आणि कुणी पुन्हा कप्पा-कप्पा चाळू लागलं, तर आरंभखुणेपाठोपाठ त्याला तोच सापडेल, चित्र अर्धं आलं तरीही. मावशी नावं सांगते, भाचा ती टाइप करतो: कोण, कुठलं गाव, कोणाचं लग्न. काकांच्या खांद्यावर हात ठेवलेल्या त्या माणसापुढे सध्या दोन्ही मतं लिहिली आहेत, आणि कोणतं मत कोणाचं, हेही.