आठाची चाल

ओइरान दोचू, म्हणजे उच्च दर्जाच्या गणिकेची मिरवणूक, ही जपानमधल्या परवानाधारक वस्त्यांतली सर्वांत दिमाखदार प्रथा. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, शोगुनच्या राजवटीने १६१७ मध्ये योशिवारा वसवायला परवानगी दिली. १६५७ च्या भीषण आगीनंतर ही वस्ती असाकुसाच्या पलीकडे, भातखाचरांच्या मुलखात हलवण्यात आली. भोवती खंदक आणि ये-जा करायला एकच मोठा दरवाजा. पुरुषांना तो मोकळा होता. आतल्या स्त्रियांना परवानगीशिवाय ओलांडता येत नसे.

वरच्या पायरीवरची गणिका गिऱ्हाइकासाठी आपल्या घरी ताटकळत बसत नसे. गिऱ्हाईक आधी भेटीघरात किंवा चहाघरात उतरे, तिथून निरोप धाडी, आणि मग ती लवाजम्यासह नाकानोचो या मुख्य रस्त्याने निघे. अंतर थोडेच, पण ते रेंगाळत कापण्यातच सारी कला होती. पुढे घराण्याचे चिन्ह असलेला कंदील घेतलेला सेवक, बरोबर एकसारख्या पोशाखातल्या दोन कामुरो, म्हणजे कोवळ्या वयाच्या मुली, मागे उमेदवारी करणाऱ्या शिन्झो आणि डोक्यावर लांब दांड्याची छत्री धरणारा गडी. तिची एक भेटही ज्यांना परवडली नसती असे शेकडो लोक दुतर्फा उभे राहून फुकटात तिला पाहत. या फुकट दर्शनावरच तिचा भाव ठरे, हे गणिकागृहांच्या मालकांना पक्के ठाऊक होते.

पायांत काळ्या लाखेच्या, तीन दातांच्या उंच लाकडी खडावा असत. कडाक्याच्या थंडीतही योशिवाराची ओइरान मोजे घालत नसे. अनवाणी पाऊल हा तिथल्या ऐटीचा भाग होता. अशा वजनदार खडावा घालून सरळ चालणे अवघडच, म्हणून पाय अर्धवर्तुळात फिरवून टाकण्याची खास चाल घडली. जपानी लिपीतल्या आठाच्या दोन फाकलेल्या रेघांवरून तिला ‘आठाची चाल’ हे नाव मिळाले. योशिवारात पाऊल बाहेरच्या बाजूने फिरे, क्योतोच्या शिमाबारा वस्तीत आतल्या बाजूने. बाहेरच्या चालीचे श्रेय परंपरा कात्सुयामा या सतराव्या शतकातल्या गणिकेला देते. ती मूळची स्नानगृहातली सेविका. तिच्या नावाची केशरचनाही पुढे घरंदाज बायकांनी उचलली.

पोशाखात एकावर एक किमोनो आणि सर्वांत वर उचिकाके हा जरीकामाचा, खाली जाड कापूसभरली किनार असलेला झगा. अंबाड्यात कासवाच्या पाठीचे कंगवे आणि लांब काट्यांची प्रभावळ. ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, पुढे बांधलेला. सोडायला सोपा म्हणून तो पुढे, असे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. ते फारसे भरवशाचे नाही. एदो काळाच्या पूर्वार्धात गृहिणीही गाठ पुढे बांधत. ती मागे नेण्याची रीत सर्वत्र रुळली, पण गणिकांनी जुनी रीत सोडली नाही. छातीपासून गुडघ्यांपर्यंत लोंबणारा भरजरी पट्टा घातलेली स्त्री हाताने कसलेही काम करू शकत नाही, आणि तेच दाखवायचे होते. गेइशा मात्र ओबी मागे बांधत. वस्तीत दोघींचे धंदे वेगळे होते आणि ही गाठ तो फरक लांबूनच सांगे.

या थाटाचा खर्च बहुधा तिच्याच माथी पडे. आईबापांनी उचल घेऊन तिला ठरावीक वर्षांच्या कराराने विकलेले असे. त्या कर्जात नवे कपडे, अंथरुणे, दागिने, शिवाय हाताखालच्या कामुरोंचे पालनपोषण आणि शिन्झोच्या पदार्पणाचा खर्च यांची भर पडे. रस्त्यावर जितका झगमगाट, तितकी तिची सुटका लांब. चित्रकारांनी मात्र झगमगाटच टिपला. इसोदा कोर्यूसाईने १७७० च्या दशकात सुरू केलेल्या, शंभराहून अधिक चित्रांच्या लाकूडठसा मालिकेत गणिकांची आणि त्यांच्या घरांची नावे छापलेली आहेत; नव्या नक्षीच्या कापडाची ती जाहिरातही होती. योशिवारात जन्मलेला प्रकाशक त्सुताया जुझाबुरो याने याच वस्तीच्या मार्गदर्शिका छापून व्यवसायात पाय रोवला. काबुकी रंगभूमीवर ‘सुकेरोकु’ नाटकातली आगेमाकी अजूनही हाच सारा भार अंगावर घेऊन प्रवेश करते. ती भूमिका पुरुष नटच करतो.

तायू ही सर्वोच्च पदवी योशिवारातून अठराव्या शतकाच्या मध्यानंतर लोपली. भेटीघरे महाग झाली, गिऱ्हाइके स्वस्त पर्यायांकडे वळली, आणि मिरवणूक अधिकाधिक सणावारांची शोभा होत गेली. १८७२ मध्ये सरकारने गणिकांच्या मुक्ततेचा हुकूम काढला, पण धंदा नव्या नावांनी चालूच राहिला. परवानाधारक पद्धत १९४६ मध्ये रद्द झाली, आणि तरीही चालू राहिलेल्या वस्त्यांचा शेवट १९५६ मध्ये संमत होऊन १९५८ पासून पूर्णपणे लागू झालेल्या वेश्याव्यवसायविरोधी कायद्याने झाला.

आज ही मिरवणूक उत्सवांत उरली आहे. नीगाता प्रांतात त्सुबामे शहरातल्या बुन्सुई भागात एप्रिलमध्ये चेरीच्या बहरात ती निघते. ओइरान होण्यासाठी सामान्य स्त्रिया अर्ज करतात आणि निवड झाल्यावर चालीचा सराव करतात. तोक्योत असाकुसात आणि नागोयात ओसु भागातही असे कार्यक्रम होतात. क्योतोची गोष्ट निराळी. शिमाबारात वाचिगाइया हे घर चालू आहे आणि तिथल्या तायू चहाविधी, वादन, नृत्य शिकलेल्या व्यावसायिक कलावंत आहेत. दर एप्रिलमध्ये जोशोजी मंदिरात योशिनो तायू या सतराव्या शतकातल्या गणिकेच्या स्मरणार्थ त्या आतल्या वळणाची चाल चालतात. १६४३ मध्ये वारलेल्या योशिनोने या मंदिराला लाल दरवाजा बांधून दिला होता, आणि मिरवणूक त्याच मंदिराकडे जाते.